ठासणीच्या रायफलचा नेम गोळीच्या मापात असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत १८५७ साली आपल्या जिल्ह्यात झालेल्या भिल्लांच्या उठावावरचा लेख वाचला. मी मूळचा सिन्नर तालुक्यातला. नांदूर शिंगोट्याची लढाई, उठावाचे नेते भागोजी नाईक, ४ ऑक्टोबरला तिथे पडलेला इंग्रज अधिकारी लेफ्टनंट हेन्री, हे सगळं लहानपणापासून ऐकत आलो. ते छापून आलेलं पाहून बरं वाटलं. पण लेखाच्या शेजारी जी चौकट होती, तिच्यात त्या काळच्या ठासणीच्या बंदुकांचा नेम म्हणजे निव्वळ नशीब होतं, अशा अर्थाचं वाक्य होतं. ते मला पटलं नाही. तोड्याची बंदूक, गुळगुळीत नळीची मस्केट आणि आतून पीळ दिलेली रायफल या तिन्ही तोंडाकडूनच भरायच्या, म्हणून तिघींना एका ओळीत बसवणं चुकीचं आहे. ठासणीची रायफल अतिशय नेमकी लागते. मात्र तिच्यात जाणारी ओतीव गोळी त्याच नळीसाठी निवडलेली हवी. हे मी वाचून सांगत नाही, हाताने मोजून सांगतो.

माझं सगळं आयुष्य सातपूरच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये गेलं. डाय, पंच, गेज हेच काम. थोरली मुलगी अमेरिकेत सिनसिनाटीला असते. तिच्याकडे राहायला गेलो की शेजारच्या एका निवृत्त मास्तरांबरोबर माझी बैठक जमते. मास्तर नेमबाज आहेत, आणि तेही फक्त ठासणीच्या रायफलचे. तिथून गाडीने जाण्याजोग्या अंतरावर, इंडियाना राज्यात, फ्रेंडशिप नावाचं लहानसं गाव आहे. ठासणीच्या बंदुकांची त्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली आणि तिचं मैदान या गावात आहे. वर्षातून दोनदा तिथे मोठ्या स्पर्धा भरतात. शेतकरी, सुतार, डॉक्टर, आजी-आजोबा सगळे हातात गोळी ठासायचा गज घेऊन रांगेत उभे असतात. ५० यार्डांवरच्या कागदावर एका मुठीत मावतील अशी भोकं पाडणारी माणसं मी तिथे डोळ्यांनी पाहिली आहेत. नशिबाने असं रोज होत नाही.

मास्तरांची रायफल म्हणजे इंग्रज सैन्याच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलची अलीकडे बनवलेली प्रतिकृती. मूळ एनफिल्डची नळी ३९ इंच लांब, आतला व्यास ०.५७७ इंच, आतल्या बाजूला पिळाच्या तीन खाचा, आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा. प्रतिकृतीवरही ०.५७७ असाच छाप होता. दुकानातून ०.५७५ इंचाच्या तयार ओतीव गोळ्यांची खोकी आणून मास्तर त्या वापरत, आणि कागदावर भोकं कुठेही पडत. काही भोकं तर गोल नसून लांबट होती. म्हणजे गोळी हवेत आडवी होऊन कागदातून जात होती. मास्तर दारूचं प्रमाण बदलून पाहायचे, मागचं साइट घासायचे, खांदा बदलायचे. मी त्यांना एकच विचारलं, नळी मोजली आहे का? त्यांनी छापाकडे बोट दाखवलं. टूलरूममध्ये वाढलेला माणूस छापावर विश्वास ठेवत नाही.

मापाचा मुद्दा लांबवून सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. तीन खाचांची नळी साध्या मायक्रोमीटरने मोजता येत नाही. शिशाचा गोळा नळीच्या तोंडात ठोकून बसवला आणि परत ओढून काढला, की त्यावर नळीचा ठसा उठतो. पण तीन खाचा असल्यामुळे एका खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. सपाट जबड्यांचा मायक्रोमीटर मग खोटं माप दाखवतो. तीन धारांचा टॅप किंवा रीमर मोजायला आपण व्ही-अॅन्व्हिल मायक्रोमीटर वापरतो, तोच इथे लागतो. अंबड-सातपूरच्या कुठल्याही चांगल्या टूलरूमच्या कपाटात तो सापडेल. सिनसिनाटीत मात्र शोधावा लागला. उंचवट्यांमधला व्यास काढायला त्याहून सोपी गोष्ट म्हणजे पिन गेज, म्हणजे नेमक्या व्यासाच्या पोलादी पिना. एकेका थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) फरकाने नळीत घालत गेलो. ०.५७९ गेली. ०.५८० सुद्धा अलगद गेली. ०.५८१ अडली. म्हणजे नळी ०.५८० ची, आणि मास्तरांच्या खोक्यातली गोळी ०.५७५ ची. पाच थाऊ, म्हणजे सव्वाशे मायक्रॉनची फट.

ही फट इतकी का नडते ते सांगतो. या रायफलची गोळी लांबट असते आणि तिचं बूड आतून पोकळ असतं. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ साली ती रूढ केली. त्याच्या गोळीच्या बुडात लोखंडाची वाटी असे. पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेतल्या जेम्स बर्टनने ती वाटी काढून टाकली आणि नुसती पोकळी ठेवली. गोळी नळीपेक्षा जरा बारीक, म्हणून भरताना सहज खाली उतरते. दारू पेटली की वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, बुडाची पातळ कड बाहेर फुगते आणि खाचांत रुतते. मग पीळ गोळीला धरतो आणि ती फिरत बाहेर पडते. फट एखाद्या थाऊची असेल तर कड सगळीकडून सारखी फुगते. फट पाच थाऊची असेल, त्यात शिसं कडक असेल, तर कड एका बाजूला आधी टेकते, दुसरीकडून वायू निसटतो आणि गोळी तिरकी होऊनच बाहेर येते. लांबट भोकांचं कारण हेच होतं.

आता शिशाबद्दल. संपादक महाशय, आपल्या क्षेत्राचा या धातूशी जुना संबंध आहे. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा ते खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. अँटिमनीमुळे धातू कडक होतो आणि साच्यात निवताना कमी आकसतो, म्हणून अक्षराची कड ठसठशीत येते. छपाईला जो गुण, तोच पोकळ बुडाच्या गोळीला दोष. कडकपणा मोजायच्या ब्रिनेल मापात शुद्ध शिसं साधारण ५. छपाईच्या लायनोटाइप यंत्राचा धातू २२ च्या आसपास. गाडीच्या चाकाला लावायची जुनी शिशाची वजनं मधे कुठेतरी. कडक धातूची कड काळ्या दारूच्या दाबाने नीट फुगत नाही. शिवाय एकाच साच्यातून कडक धातूची गोळी थोडी मोठी पडते आणि शुद्ध शिशाची थोडी लहान, म्हणजे धातू बदलला की मापही बदललं. मास्तरांच्या खोक्यातल्या गोळीवर नख दाबून पाहिलं. ओरखडा उठेना. शुद्ध शिशावर नखाचा ठसा स्पष्ट उमटतो. ही परीक्षा अडाणी वाटेल, पण दुकानात उभं राहून करता येते.

तेव्हा ठरवलं की गोळ्या घरीच ओतायच्या. तिथल्या कायद्याने ते चालतं. मास्तरांनी ०.५८० चा साचा मागवला. माझ्याकडे आलं ते काम म्हणजे गोळी दाबून एका मापाची करायची डाय. त्यांच्या गॅरेजात छोटी लेथ होती. पोलादी तुकड्याला भोक बोअर केलं, ०.५७९ ला थोडं कमी ठेवलं आणि लाकडी दांड्याला एमरीची पेस्ट लावून लॅपिंग करत, म्हणजे बारीक घासत, गेज अलगद जाईपर्यंत आणलं. गोळी तिच्यातून ढकलली की ती नळीपेक्षा बरोबर एक थाऊ बारीक होऊन बाहेर येते.

ओतकामाविषयी आपल्या फाउंड्रीतल्या मंडळींना नव्याने सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगतो. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ओतायला ४०० च्या वर तापवावं लागतं. साचा थंड असेल तर गोळीवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. फार तापला तर गोळी पांढरट, खरखरीत निघते. या गोळीच्या साच्याला पोकळ बुडासाठी मधे कोअर पिन असते आणि खोडी तिचीच. पिन साच्याइतकी तापलेली नसली की बुडाची कड अर्धवट भरते. पिन किंचित एका बाजूला असली तर कड एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ होते. भिंग लावून एकेक गोळीचं बूड फिरवून पाहायचं. नाकावर बारीक खड्डा असला तर चालतो, कागदावर फारसा फरक पडत नाही. बुडाच्या कडेला चीर, खाच किंवा गोलसर झालेला कोपरा असला तर ती गोळी परत भांड्यात. नळीच्या तोंडातून सगळ्यात शेवटी सुटतं ते बूड. तिथे वायू एका बाजूने आधी निसटला की गोळीला धक्का बसतो आणि तो पुढे अंतराबरोबर वाढत जातो. दुकानात बहुतेक लोक गोळीचं नाक कसं चकाकतं ते पाहतात. मी म्हणतो, आधी उलटी करून बूड पाहा.

मग वजन. या साच्याची गोळी ५०० ग्रेनच्या आसपास, म्हणजे ३२ ग्रॅमहून थोडी जास्त. मी सगळ्या गोळ्या तराजूवर ठेवून कागदावर आलेख काढला, टूलरूममध्ये काढायचो तसा. बहुतेक गोळ्या वरच्या वजनाशी दाटीने जमल्या आणि थोड्या खाली घरंगळल्या. शिसं ठरलेल्या मापापेक्षा जड होऊ शकत नाही. हलकं मात्र होतं, आत हवेची पोकळी राहिली की. ती पोकळी मध्यावर नसली तर फिरणारी गोळी डगमगते. हलक्या गोळ्या बाजूला काढल्या. इतकी निवड करून मास्तर मैदानात गेले. रायफल तीच, दारू पेटवणाऱ्या कॅप त्याच. ५० यार्डांवर आधी जिथे आठ-नऊ इंचांत गोळ्या विखुरत, तिथे अडीच इंचांत येऊ लागल्या. त्यानंतर त्यांनी दारूचं प्रमाण पाच-पाच ग्रेनने बदलून पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आग्रह मी धरला होता. गोळी, दारू आणि ग्रीस तिन्ही एकदम बदलली तर कशाने काय झालं ते कळत नाही.

ग्रीसबद्दल बोलायलाच हवं, कारण १८५७ चं नाव निघालं की काडतुसाच्या चरबीची गोष्ट निघतेच, आणि ती चरबी तिथे का होती हे कोणी सांगत नाही. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर अर्ध्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. नळीत कडक, काळा थर बसतो आणि पुढची गोळी खाली उतरत नाही. मेण आणि चरबी यांच्या मिश्रणाने तो थर मऊ राहतो. खनिज तेलाचं ग्रीस लावलं तर उलट डांबरासारखा चिकटा तयार होतो, म्हणून ठासणीचे नेमबाज आजही मधमाशीचं मेण वापरतात. एनफिल्डची मूळ गोळी ०.५६८ इंचाची होती. १८५७-५८ च्या लढायांत हिंदुस्थानच्या उन्हात तो थर इतका घट्ट व्हायचा की गोळी ठासणं मुश्कील झालं. म्हणून १८५९ मध्ये गोळी ०.५५० इंचाची केली. बुडातल्या लाकडी खुंटीमुळे मोठी फट असूनही कड फुगायची. आपल्या देशातल्या हवामानाने इंग्रजांना गोळीचं माप बदलायला लावलं, ही गोष्ट मला त्या चौकटीत वाचायला आवडली असती.

गुळगुळीत नळीचं वेगळं सांगतो. इंग्रजांच्या ब्राउन बेस मस्केटची नळी ०.७५ इंच आणि गोळी ०.६९ च्या आसपास. म्हणजे दीड मिलिमीटरची फट. गोळी नळीत आपटत आपटत बाहेर पडते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्या बाजूला जाते. तिच्याबद्दल आपलं वाक्य बरोबर आहे. पण रायफलमध्ये गोल गोळीसुद्धा नेमकी लागते, जर तिला कापडात गुंडाळून भरली तर. ०.५० इंचाच्या नळीला ०.४९० ची गोळी आणि भोवती सुती कापडाची दट्ट चकती, हे नेहमीचं गणित. गोळीचं वजन १७७ ग्रेन भरतं. खाचांत कापड रुततं आणि गोळीला तेच फिरवतं. गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, साठ-सत्तर इंचांत एक फेरा. लांब गोळीला घट्ट पीळ. गोळी जितकी लांब तितकी ती स्थिर ठेवायला जास्त फिरवावी लागते. म्हणून दुकानदार चांगली म्हणतो ती गोळी घेऊन भागत नाही, आपल्या नळीचा पीळ आधी मोजावा लागतो. गजाला घट्ट कापड गुंडाळून तो आत ढकलायचा, परत ओढताना किती इंचांत एक फेरा होतो ते पाहायचं.

पिळाचा विषय निघाला की मला व्हिटवर्थ आठवतो. नाशिकच्या प्रत्येक फिटरने बीएसडब्ल्यूचा, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ आट्यांचा, टॅप हातात धरला असेल. १८४१ साली आट्यांचं प्रमाण ठरवणारा जोसेफ व्हिटवर्थ तो हाच. इंग्रज सैन्याने त्याला एनफिल्ड सुधारायला सांगितलं. तो बंदूकवाला नव्हता, मापाचा माणूस होता. त्याने नळी ०.४५१ इंचाची केली, आतून षट्कोनी, आणि पीळ २० इंचांत एक फेरा. गोळीही नळीला तंतोतंत बसणारी षट्कोनी. १८५७ साली, म्हणजे इकडे उठाव चालू होता त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये हाइथला दोघींची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डचं सरासरी विचलन, म्हणजे गोळ्या मध्यापासून सरासरी किती लांब पडल्या ते, २.२४ फूट आलं, व्हिटवर्थचं ०.३७ फूट. १८६० मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने बैठकीवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलचा चाप दोरीने ओढला. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. ठासणीचीच रायफल! सैन्याने ती घेतली नाही, कारण बारीक नळी लवकर कोंडते आणि किंमत फार. पण ठासणीच्या बंदुकीला नेम नव्हता असं म्हणणाऱ्याने हे आकडे पाहावेत.

कोणाला उत्साह येईल म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. वर जे ओतकाम सांगितलं ते परदेशातलं आहे. गॅसच्या शेगडीवर शिसं वितळवण्याचा उद्योग नाशिकमध्ये कोणी करू नये. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तरी त्याची वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. शिशाचं विष अंगात साठत जातं, मुलांच्या तर फारच लवकर. आम्ही उघड्या दारात, हातमोजे आणि चष्मा घालून काम करायचो आणि हात धुतल्याशिवाय चहालाही शिवत नसू.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापावी आणि तोड्याची बंदूक, मस्केट व रायफल यांतला फरक चार ओळींत द्यावा. दुसरी विनंती वाचकांपर्यंत पोहोचवावी. जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत माळ्यावर कधीकधी पितळी किंवा लोखंडी चिमट्यासारखा गोळ्या ओतायचा साचा सापडतो. लोक तो मोडीत घालतात. तसं करू नये. त्या साच्याच्या पोकळीचा व्यास मोजला तर त्या घरातली बंदूक कोणत्या मापाची होती याचा बराचसा अंदाज बांधता येतो, बंदूक उरली नसली तरी. ज्यांच्याकडे असा साचा असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं. मी माझा व्हर्निअर आणि बोअर गेज घेऊन येईन, फुकट मोजून देईन आणि आलेली मापं आपल्याला छापायला देईन.

आपला,
टूलरूममधून निवृत्त झालेला एक वाचक
सिडको, नाशिक